दोन्ही टोकं कापलेले बदाम

३ नोव्हेंबर, सोमवार

मीठ नाही, लिंबू नाही, काही नाही!

आज परत करून पाहिलं. सगळे पुढे दुकानात होते तेव्हा चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं. वाळू. लिंबाची फोड चोखली — ओली वाळू. शेवटी उरलेली तापाची गोळी कडाकडा चावली. तोंड पांढरं झालं, पण कडू म्हणून लागेल तर शपथ. ताप उतरून अठरा दिवस झाले. वासाचंही तेच. रॉकेलची बाटली नाकाशी धरली, ती पाण्याची असती तरी चाललं असतं.

दुपारी सूनबाईनं चहा दिला. गरम होता एवढं कळलं. प्यायले. कप परत घेईपर्यंत ती समोर उभी. "आई, चहा बरा झालाय का?" म्हटलं, बरा. तरी तोंडाकडे बघत राहिली. काय बघायचं असतं या मुलीला कोण जाणे.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून काढते, म्हणजे डोकं तरी हलकं होईल. पाय दुखले तर लोक बसतात. हात मोडला तर गळ्यात बांधतात. माझी जीभ गेली आहे आणि माझं सगळं कामच जिभेचं!

पुढे दुकान, मागे खोली. पुढे मुलगा बसतो, मागे मी. चाळीस वर्षं त्याच खोलीत, त्याच पाटावर. बदामाचं जे जे होतं ते आम्ही करतो. हातघाण्यावर तेल काढतो — म्हाताऱ्यांच्या सांध्यांना, केसांना, कोरड्या खोकल्यात छातीला चोळायला, पोट साफ होत नसेल तर दुधात चमचाभर. टरफलं जाळून त्यांची राख वस्त्रगाळ करून दंतमंजन. आणि सगळ्यात मानाचं ते चाटण. भिजवून सोललेले बदाम वाटून मधात घोटायचे. बाळंतिणीला, दुखण्यातून उठलेल्याला, ज्या पोराच्या अंगाला काही लागत नाही त्याला. बुद्धीलाही चांगले म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्या बदाम खातायत, पुरावा अजून सापडलेला नाही.

पण शंभर गोड झाडांत एखादं कडू झाड असतंच, आणि पोत्यात त्याचा बदाम येतोच. दिसायला तसाच. थोडा आखूड, थोडा टोकदार — पण गोडही तसे निघतात. डोळ्याला कळत नाही. जिभेला कळतं. कडू बदाम म्हणजे नुसती कडू चव नव्हे, विष आहे ते. मोठ्या माणसानं एखादा चावला तर थुंकून टाकेल. लहान मुलाला चाटणातून चार-पाच गेले तर घात होईल. मधात घोटलेलं कडू ते मूल थुंकणारसुद्धा नाही.

म्हणून आमच्या घरची रीत. बदाम सोलून पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडायचे. प्रत्येकाचं टोक सुरीनं नखाएवढं कापायचं, जिभेवर ठेवायचं, दहा आकडे मोजायचे. कडू उशिरा येतं. आधी गोड लागतं, माणूस फसतो. कडू निघाला की वाकड्या वाटीत टाकायचा आणि संध्याकाळी टरफलांबरोबर चुलीत. लोक पाटी वाचून आमच्याकडे येत नाहीत. बाईच्या जिभेवरून गेलेला बदाम म्हणून येतात.

वाकडी वाटी एकोणीस दिवस रिकामी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलानं विचारलं, जेवण का टाकलंस? म्हटलं, दात.

९ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. दिवसभर पडून होते. अंगात त्राण नाही, आणि ते तापाचं नव्हे.

आज सासूबाई फार आठवल्या. प्रेमानं नव्हे. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचणार आहे?

काय जीभ होती बाईची! तीन गल्ल्यांपलीकडून लोक यायचे. मला शिकवलं त्यांनीच. पण शिकवणं संपवलं नाही कधी! मी वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून चाखलं होतं, मला सगळं येत होतं. आणि एका हिवाळ्यात आजारातून उठल्या त्या जास्तच खाष्ट होऊन. रोज सकाळी मला समोर बसवायच्या. टोकं स्वतः कापायच्या, कपटा माझ्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सांग." मी म्हणायची गोड. "मोठ्यानं सांग. तोंडात गुळणी धरलीस का?" मग मी दुकानापर्यंत ऐकू जाईल असं — गोड! गोड! कडू! शाळेतल्या पोरीसारखी. बेचाळीस वर्षांची बाई!

गिऱ्हाइकं हसायची. "सूनबाई अजून शिकतेय वाटतं?" आणि सासूबाई शांतपणे, "हो ना. जीभ कच्ची आहे हो तिची. मंद आहे जरा."

नऊ वर्षं. सुट्टीचा दिवस सोडला तर रोज. माझा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली, आणि त्या नव्या सुनेसमोरही तेच — सांग, मोठ्यानं सांग. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले होते. मारून टाकावं वाटलं होतं.

शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळल्या. मी दुकान सांभाळत होते म्हणून त्यांचं सगळं सूनबाईनं केलं. नवी होती, तिला हौस. गेल्या तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले धक्का बसलाय. धक्का कसला! दुसऱ्या दिवशी पाटावर एकटी बसले, टोक कापलं, जिभेवर ठेवलं, आणि मनातल्या मनात म्हटलं — गोड. कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यालाही दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत कुणी मला कच्ची म्हणालं नाही. आता खरंच कच्ची झाले आणि ते ओरडून सांगू? त्यापेक्षा मेलेलं बरं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गुडघ्यांसाठी जाते सांगून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. तरुण आहे. भिंतीवर कापलेल्या डोक्याचं चित्र. माझी जीभ बाहेर काढून बॅटरी मारली, दोन-चार प्रकारचं पाणी जिभेला लावलं, मी सगळ्याला नाही म्हटलं.

"येईल," म्हणाला. "तापानं होतं असं. कदाचित नाहीही येणार."

"किती दिवस?"

"आजी, नसा आहेत त्या. नळ असता तर वॉशर बदलून दिला असता."

रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब हुंगायला सांगितलंय, नाकाला सवय लागते म्हणे. शक्तीच्या गोळ्या दिल्या. आणि मी उठताना पाठीवर हात ठेवून म्हणतो, "आणि बदाम खात जा हो रोज चार. चांगले असतात."

हसू की रडू! पायऱ्या उतरताना दोन्ही करून घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अजून निभतंय. जुन्या बागेचं पोतं चालू आहे, त्यात कडू जवळजवळ नसतोच — महिन्याला पाच-सहा. त्या भरवशावर चाललंय. टोक कापते, जिभेवर ठेवते, दहा मोजते, मान हलवते. नाटक. मुलगा मधेच डोकावला तर त्याच्याकडे बघून हसतेसुद्धा. चाटणाची तीन गिऱ्हाइकं परतवली — मध चांगला नाही, हात दुखतोय, पुढच्या आठवड्यात या. सगळ्यांना परतवता येत नाही, मुलगा विचारतो.

आणि एक वेगळंच बघतेय. सूनबाई बदाम खाते. चोरून!

मी टोकं कापून हात धुवायला गेले की ती खोलीत. मी आले की वळते. जबडा हलत असतो. आज विचारलं, काय चघळतेस? म्हणे लवंग. लवंग! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जग आंधळं. घरात काही कमी आहे का? मागून घे ना, नाही कोण म्हणतं? पण ते रुग्णाच्या चाटणाचे, निवडलेले बदाम! दहा वर्षांत एकदाही मी तिला चाटणाचा बदाम चाखू दिला नाही, बरंच केलं. तिची जीभ कच्चीच आहे.

(हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. कुणाचं वाक्य आहे हे!)

१७ नोव्हेंबर, सोमवार

जुनं पोतं संपलं. नवं आलं, नव्या व्यापाऱ्याकडून. जुन्या बागेला या वर्षी बार आला नाही म्हणे. पोतं उतरवताना व्यापारी म्हणाला, "दोन-तीन बागांचा मिसळ माल आहे बाई. थोडे कडू निघतील. पण तुम्हाला काय, तुमची जीभ आहेच की!"

आहेच की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या गल्लीतली शिंपीण आली. पायऱ्यांवरच बसली, वर चढवेना. तिची नात, अडीच वर्षांची. वीस दिवस तापात होती. आता ताप गेला, पण पोरगी उरली नाही. "हातात घेतली की कपडा उचलल्यासारखं वाटतं बाई. डॉक्टर म्हणतो आता खायला घाला. खायला घातलं तर तोंड फिरवते. गोड तेवढं चाटते. तुमच्या हातचं चाटण द्या. माझ्या लेकाला तुमच्या सासूबाईंनी दिलं होतं, तो उभा राहिला."

नाही म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं. माझी चव गेली आहे, यावेळी दुसरीकडून घ्या. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "गुरुवारी या."

मुलगा गल्ल्यावरून हसून म्हणाला, "काकी, काळजी नको. आईच्या जिभेवरून जाईल एकेक."

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर डोळ्यांनी निवडले. खिडकीपाशी बसून, चष्म्यावर भिंग धरून. आखूड बाजूला, टोकदार बाजूला, सुरकुतलेले बाजूला. चाळीस मोठे, लांबट, गुबगुबीत भिजत घातले. म्हटलं, यात कडू कशाला असेल?

म्हणजे प्रार्थनाच. निवड नव्हे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

केलं.

चाळीस टोकं कापली. चाळीस वेळा दहा मोजले. सवय अशी की पंचविसाव्याला मला खरंच गोड लागल्यासारखं वाटलं! मनाचा खेळ. चाळिसावं टोक थुंकलं आणि पाटावर नुसती बसून राहिले. कापड उचलावं आणि सगळे चुलीत टाकावेत, असं आलं मनात. तेवढ्यात मुलानं पुढे बोलावलं. घाण्याच्या तेलाचं गिऱ्हाईक, बाटली गळते म्हणून भांडायला आलेलं. त्यात अर्धा तास गेला.

परत आले तर सूनबाईनं बदाम खलात घालून कुटायलाही घेतलेले! मी ओरडले — तुला सांगितलं होतं का? चाटणाला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय? तिची मान खाली, बत्ता चालू. कपाळावर घाम. तोंड वाकडं केल्यासारखं दिसत होतं, रागानं असेल. मधेच उठून चूळ भरून आली.

चारला शिंपीण बरणी घेऊन गेली. माझ्या हाताला डोकं लावलं तिनं. हात मागे घ्यावासा वाटला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्याला डोळा नाही. रस्त्यावर कुणी धावलं की दारात जाऊन बघते. चोराच्या मनात चांदणं.

सूनबाईला खूप बोलले आज, उगाचच, झाडू कुठे ठेवलास म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

क्रमानं लिहिते.

अकराच्या सुमाराला शिंप्याकडचा कारागीर आला. "छोटी ओकतेय. तीनदा झालं. डॉक्टर आलेत घरी. चाटणाची बरणी बघायला मागितलीय, तुम्ही काय काय घातलं ते सांगता का?"

पायात एक चप्पल माझी, एक मुलाची. तशीच धावले. एकसष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते सांगत नाही.

शिंप्याची खोली. मशीनवर अर्धा शिवलेला कोट, सुई तशीच त्यात. पलंगावर पोरगी, खरंच कपड्याएवढी. ओठ सुकलेले. डॉक्टर म्हातारे, आमच्या ओळखीचे. तिची नाडी धरून विचारत होते, काय खाल्लं? शिंपीण रडत म्हणाली, चाटण. कालही दिलं, आजही दिलं, बोटभर. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे. तेच वाईट होतं. हिच्याकडून कशी चूक होईल, असं त्यांच्या तोंडावर.

मग मी बोलले. कशी बोलले माहीत नाही. म्हटलं, "डॉक्टर, यात कडू बदाम गेला असेल. माझी जीभ गेली आहे. महिना झाला. मला काही कळत नाही. मी न चाखता दिलंय."

शिंपिणीनं तोंडावर पदर धरला. शिंपी उभा राहिला. डॉक्टरांचं तोंड बदललं. "किती गेले असतील?" मला काय ठाऊक! एक, दहा, चाळीस!

तेवढ्यात दारातून आवाज. सूनबाई. माझ्या मागून धावत आली होती, धाप लागलेली. म्हणाली, "डॉक्टर, एकही नाही गेलेला. एकेक बदाम मी चाखलाय."

शांत. डोळ्याची पापणी न हलवता.

माझ्या अंगाची आग झाली. खोटं! दुकानाचं नाव राखायला खोटं, आणि समोर पोर पडलेलं! मी म्हटलं, "हिचं ऐकू नका, ही मला वाचवतेय." ती परत म्हणाली, "चाखलाय. चार कडू निघाले. ते घरी आहेत."

डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि दोघींना गप्प केलं. पोरीचे डोळे बघितले, श्वास मोजला, पोट दाबलं. पोट दाबल्यावर ती किंचाळली, चांगली जोरात, आणि परत ओकली. ओकलं काय, तर पेरूच्या फोडी! बियांसकट, न चावलेल्या. मग पत्ता लागला. काल संध्याकाळी कारागिरानं लाडानं अख्खा पेरू दिला होता. वीस दिवस उपाशी पोटाला अख्खा पेरू! डॉक्टर म्हणाले, "वाचली, पेरूवर निभावलं." तरी त्यांनी दुपारभर तिथेच बसून पोरगी डोळ्यांखाली ठेवली. आम्हीही बसून राहिलो, भिंतीला टेकून. चार वाजता तिनं पाणी मागितलं. पाचला आजीच्या बांगड्या ओढायला लागली.

घरी येताना सुनेला म्हटलं, पोर वाचलं ते ठीक, पण तू खोटं बोललीस. तशा जागी खोटं! मी तुला माफ करणार नाही. ती म्हणाली, "घरी चला आई."

मागच्या खोलीत टरफलांच्या पोत्यामागून एक डबी काढली. तपकिरीची जुनी डबी. पांढऱ्या कापडावर उलटी केली. नऊ बदाम. सोललेले, वाळून पिवळे पडलेले.

"हे पाच आधीचे, जुन्या पोत्यातले. हे चार परवाचे."

मी एक उचलला. टोक कापलेलं, माझ्या हातचं, तिरकं. मी नेहमी तिरकं कापते. फिरवला. बूडही कापलेलं. सरळ, नाजूक. दुसरा बघितला. तसाच. सगळे नऊ, दोन्हीकडून.

ती म्हणाली, "तिकडचं टोक तुमचं. इकडचं माझं."

पाटावर बसले. चाळीसातले चार. मी गोड म्हणून मान हलवलेले चार. ते शिंप्याच्या पोरीच्या पोटात गेले असते, आणि मग तो पेरू आम्हाला वाचवायला आला नसता.

विचारलं, कधीपासून?

"तुमचा ताप उतरला तेव्हापासून. त्या दिवशीच चहा दिला होता, त्याचं दूध नासलेलं होतं. या महिन्यात परत एकदा दिला. दोन्ही वेळा तुम्ही बरा म्हणालात."

मला तेवढंच आठवलं की मी तिला लवंगेवरून काय काय बोलले होते. चुळा भरून भरून कडू घालवत होती ती, आणि मी चोर म्हणत होते. मनात तरी म्हटलंच होतं.

हात धरला तिचा. ती म्हणाली, "जेवून घ्या." जेवले. कशाचीही चव नव्हती आणि सगळं संपवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

झोपले. दिवसभर. महिन्यात पहिल्यांदा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाला सांगितलं. तो रागावला. जीभ गेली म्हणून नव्हे, लपवलं म्हणून. मग बायकोवर रागावला, तिनंही लपवलं म्हणून. मग आमच्या दोघींसमोर एकटाच पडला, तेव्हा गल्ल्यावर जाऊन बसला.

दुकानात सांगायचं ठरवलं. भीती अशी की पाटी उतरवावी लागेल. आज सकाळी पांढरं कापड पुढेच अंथरलं, गल्ल्याशेजारी, सगळ्यांना दिसेल असं. सुनेला पाटावर बसवलं. मी समोर स्टुलावर. टोकं मी कापते — हात अजून शाबूत आहे — आणि कपटा तिच्या तळहातावर ठेवते. नव्या पोत्यात बारा निघाले सकाळीच! वाकडी वाटी भरली. बघून बरं वाटलं, काय सांगू.

निवृत्त मास्तर तेलाला आले होते. बघत उभे राहिले. म्हणाले, "वा! म्हणजे आता सूनबाई शिकतेय वाटतं?"

आणि खरं सांगते, ते वाक्य माझ्या ओठांवर आलं. आयतं. हो ना, जीभ कच्ची आहे हो तिची. किती सोपं होतं! माझी मूठ झाकलेली राहिली असती, आणि दुकानही चाललं असतं.

म्हटलं, "नाही मास्तर. माझी चव गेली. चाखणारी हीच आहे. मी नुसती सुरी."

मास्तर जरा गडबडले. मग बाटली काखेत मारली आणि म्हणाले, "माझे कान गेलेत दोन वर्षं. घरी सांगितलेलं नाही. ओठ बघून हसतो." आणि गेले.

दुपारी दोघंजण चाटण न घेता परत गेले. तिघांनी घेतलं. शिंपीण आली होती. दुकानात चढली नाही, पायरीवरून सुनेकडे बघून मान हलवली, माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर आहे तिचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लवंग हुंगली. काही नाही. गुलाब — काही नाही.

सून फार हळू आवाजात सांगते, गोड, कडू. मला ऐकायला पुढे वाकावं लागतं. दोनदा चुकून कडू गोडाच्या ढिगात ठेवला, तिनंच उचलून वाटीत टाकला. तोंडावर आलं होतं, मोठ्यानं सांग गं! गिळलं.

गिळलं, पण तिथून डोक्यात काहीतरी अडकलंय. नासक्या दुधाचा चहा या घरात कुणी चुकून देणार नाही. ही तर नाहीच. उद्या विचारते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. चहा मुद्दाम दिलास का?

मुद्दाम, म्हणाली. आणि मग सुरी पुसत, माझ्याकडे न बघता, "आजींनी सांगून ठेवलं होतं, शेवटच्या दिवसांत. चाखायलाही त्यांनीच शिकवलं मला, अंथरुणावरून. म्हणाल्या, माझी जीभ तापात गेली, नऊ वर्षं झाली. कुणाला बोलले नाही. तुझ्या सासूच्या तोंडून मोठ्यानं वदवून घेतलं, म्हणजे मलाही ऐकू येई आणि दुकानातही. हिला सांगायचं होतं, जमलं नाही. हिचीही कधी गेली तर ही सांगायची नाही, मानी आहे. ताप येऊन उठली की नासक्या दुधाचा चहा दे. प्यायली तर दुसरं टोक तू काप."

म्हणजे ती नऊ वर्षं मी शिकत नव्हते. दुकान माझ्या जिभेवर चाललं होतं.

सांगायचं होतंत हो, सासूबाई.